रँक अँड फाईल म्हणजे पदाधिकारी नव्हेत

"रँक अँड फाईल म्हणजे पक्षातले हुद्देदार आणि फाईली सांभाळणारा स्टाफ का, आणि मराठीत काय म्हणायचं?" असा प्रश्न आलाय. नाही हो, हुद्देदार तर अजिबात नाहीत! टीव्हीवरच्या चर्चेत पण जिल्हाध्यक्षांना सर्रास रँक अँड फाईल म्हणतात, ऐकून डोकं फिरतं. जिल्हाध्यक्ष वगैरे वगळून जे उरतात ते रँक अँड फाईल.

इथे रँक म्हणजे हुद्दा नाहीच, खांद्याला खांदा लावून उभी असलेली आडवी रांग, आणि फाईल म्हणजे एकामागे एक अशी उभी रांग. बुद्धिबळाच्या पटावर आजही आठ आडव्या ओळी रँक आणि आठ उभ्या ओळी फाईल. फौजेत शिपाई अशा रांगांत उभे, अधिकारी रांगेबाहेर, म्हणून रांगेतले म्हणजे साधे शिपाई, मग युनियन आणि पक्षांनी तोच शब्द उचलला. आपल्या आर्मीत शिपायापासून हवालदारापर्यंत सगळे 'अदर रँक्स'च, त्यात अधिकारी कुठे येतात?

पण खरी गंमत फाईलमध्ये आहे. लॅटिन फीलुम म्हणजे दोरा, बल्बातली फिलामेंट त्याच घरातली. ऑफिसातली फाईल पण तीच, कारण पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवायचे. आमच्या वाण्याच्या गल्ल्यामागे खिळ्याला एक तार टांगलेली असायची, खाली लाकडी चकती, प्रत्येक बिल वरून टोचून खाली सरकवायचा, जुनं हवं असलं की पूर्ण गठ्ठा वर ओढून शोधायचा. ती अस्सल फाईल! म्हणजे शिपायांची फाईल ही दोऱ्यात ओवलेली माणसं. मला तर यात विणकराचा मागच दिसतो, उभा ताणा, आडवा बाणा, आणि दोन्ही मिळून विणलेली फौज. कोशवाले 'सामान्य लोक' एवढं लिहून मोकळे होतात, ही वीण त्यांना दिसतच नाही. आणि कोणी फाईलचा संबंध कानशीशी लावून 'घासली जाणारी माणसं' असा अर्थ सांगितला, तर तो साफ चूक, कानस या अर्थाचा फाईल वेगळ्याच मुळाचा, जुन्या इंग्रजीतला शब्द आहे.

हां, मराठीत काय म्हणायचं ते राहिलंच. युनियन असेल तर साधे सभासद, पक्ष असेल तर सामान्य कार्यकर्ते, आणि बोलताना सतरंज्या उचलणारे, इतका चपखल शब्द इंग्रजीकडे पण नाही. फक्त 'तळागाळातले' नको, तो गोरगरिबांसाठी राहू द्या.