जनगणनेत पणजोबा शोधताय?

आधीच सांगतो, १८७२ किंवा १८८१च्या जनगणनेत पणजोबांचं नाव मिळणार नाही. घरोघरचे भरलेले तक्ते ठेवलेच नाहीत, उरले ते छापील आकडे.

पण ते आकडे चाळाच. १८८१ला रत्नागिरी जिल्ह्यात (मालवण, देवगड तेव्हा त्यातच, सावंतवाडी संस्थान वेगळं) बाया बापयांपेक्षा जास्त भरल्या. बापये गेले कुठे? त्याच साली मुंबईतल्या लोकांचं जन्मस्थान बघा: रत्नागिरीचे सव्वा लाखाच्या आसपास! त्यात मोजणी १७ फेब्रुवारीची. भात झोडून झालेलं, पेरणीला अजून अवकाश. चाकरमानी मुंबईतच असणार. आमचे पणजोबा घरात ‘परागंदा’ म्हणून बदनाम होते. बिचारे गिरणीत असावेत, असं मला हे तक्ते बघून वाटायला लागलं.

नावासाठी वाट वेगळी. तहसील कचेरीत गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक) मागा, जमिनीचे जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. घरातलं कोणी नाशिक-त्र्यंबकला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या, यजमानांची नावं लिहिलेल्या चोपड्या बघा. जुनी नोंद बहुधा मोडी लिपीत असते, तेव्हा नुसतं नाव उतरवून आणू नका, परवानगी घेऊन अख्ख्या पानाचा फोटो काढा. आणि आडनावावर अडून बसू नका. कोतवाल बुकात बऱ्याचदा नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं.