'हार्ट फेल' आणि 'हार्ट फेल्युअर': हृदय बंद पडतं की अधू होतं?

प्रश्न असा आहे. घरातल्या एका तरुणाच्या डिस्चार्ज कार्डवर 'व्हायरल मायोकार्डायटिस विथ हार्ट फेल्युअर' असं लिहून आलं. कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि आजीनं 'पोराचं हार्ट फेल झालं' म्हणून गळा काढला. पोरगा समोर बसून चहा पीत होता. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: मायोकार्डायटिसला, म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेला, हृदयदाह म्हणावं, हृदयशोथ म्हणावं की आणखी काही, आणि 'हार्ट फेल्युअर'ला आजीचा जीव न घाबरवणारा मराठी शब्द आहे का?

आजीचं मराठी अगदी बरोबर आहे. आपल्याकडे 'फेल' ही एका क्षणात घडून संपणारी गोष्ट असते. ब्रेक फेल होतो तो थोडाथोडा होत नाही. गणितात फेल झालेला मुलगा 'जरासा फेल' नसतो. 'हार्टफेलनं गेला' म्हटलं की माणूस उभ्याउभ्या कोसळून गेला, एवढाच अर्थ होतो. वर्तमानपत्रं तेच जरा सोवळ्यात 'हृदयक्रिया बंद पडून निधन' असं लिहितात.

डॉक्टर मात्र त्याच शब्दानं एक अवस्था सांगत असतात. हृदय चालू आहे, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही. मग जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पायांवर सूज दिसते, रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो आणि उशाखाली आणखी एक उशी लागते. या अवस्थेत माणसं औषधांवर वर्षानुवर्षं जगतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो तो अटॅक, ठोका खरोखर थांबतो तो अरेस्ट. आजीच्या मनातलं 'हार्ट फेल' या अरेस्टच्या जवळचं आहे, फेल्युअरच्या नव्हे.

मराठी पर्याय पुष्कळ फिरतात. 'हृदय निकामी होणे' हा सर्वांत रुळलेला, 'मूत्रपिंड निकामी होणे'च्या चालीवरचा. पण निकामी म्हणजे काही कामाचं न उरलेलं, भंगारात काढण्याजोगं. चाळीस टक्के काम करणाऱ्या अवयवाला निकामी म्हणणं अन्यायाचं आहे. 'हृदयाचे अपयश' वाचलं की मला प्रेमभंग आठवतो. 'हृदयपात' कानाला गर्भपाताच्या, रक्तपाताच्या पंक्तीत बसतो. 'हृदयदौर्बल्य' हा अर्थानं सर्वांत चोख शब्द, पण तो गीतेनं आधीच अडवून ठेवला आहे. दुसऱ्या अध्यायात 'क्षुद्रं हृदयदौर्बल्यं त्यक्त्वोत्तिष्ठ परन्तप' असं श्रीकृष्ण अर्जुनाला बजावतो, तिथे त्याचा अर्थ कच खाणं असा आहे. छातीच्या रुग्णाला 'तुम्हाला हृदयदौर्बल्य आहे' म्हणणं म्हणजे त्याच्या धैर्यावर शिंतोडे उडवणं.

माझं मत 'अधू' या शब्दाला. नजर अधू होते, पाय अधू होतो. अवयव आहे, काम करतो, पण पुरेसं नाही. 'विषाणूच्या संसर्गामुळे हृदय अधू झालं आहे' या वाक्यात कुणी मेलेलं नाही. यावर एक रास्त आक्षेप येईल: अधूपणाला कायमपणाचा वास आहे. व्हायरल मायोकार्डायटिसमधून कितीतरी जण सावरतात, काहींचं हृदय मात्र पुढे फुगून पातळ होतं आणि कमजोर राहतं. कोण कोणत्या वाटेनं जाईल हे पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. त्या काळापुरतं दवाखान्यातलं रोजचं मराठीच जास्त प्रामाणिक आहे: 'पंपिंग कमी झालंय'. परका शब्द, पण प्रमाण सांगणारा आणि उद्या 'पंपिंग सुधारलं' असं म्हणायची सोय ठेवणारा.

फक्त या पंपिंगच्या टक्क्यांकडे शाळेतल्या गुणांसारखं बघू नये. 'पंपिंग साठ टक्केच आहे हो' म्हणून हळहळणारे नातेवाईक असतात. डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडतं, त्याचा तो आकडा. निरोगी माणसातही तो साधारण ५५ ते ७०च्या घरात असतो, शंभर कधीच नसतो. ४० किंवा त्याखाली आला की तो स्पष्ट घटलेला मानतात.

आता मायोकार्डायटिस. 'मायो' म्हणजे स्नायू, 'कार्डिया' म्हणजे हृदय. हा 'मायो' ज्या ग्रीक 'मूस'वरून आला त्याचा अर्थ उंदीरही होतो, आणि तो आपल्या मूषकाचा लांबचा भाऊ आहे. कातडीखाली हलणारा स्नायू ग्रीकांना उंदरासारखा दिसला. आपल्याला त्याच ठिकाणी बेडूक दिसला, म्हणून दंडाची बेडकुळी काढून दाखवतात.

'स्नायू' या शब्दानंही बरीच घरं बदलली आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू, आणि मांसाच्या गोळ्याला पेशी म्हटलं आहे. आज मराठीत स्नायू म्हणजे मांस आणि पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक. हिंदीत मांसाला अजून मांसपेशीच म्हणतात आणि त्या सूक्ष्म घटकाला कोशिका. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. त्यामुळे हिंदीवरून घाईत उतरवलेल्या आरोग्यविषयक मजकुरात 'हृदयाच्या पेशीला सूज' असं वाचलं, तर इजा एका सूक्ष्म पेशीला झाली की अख्ख्या स्नायूला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'हृदयस्नायू' असं स्वच्छ लिहावं.

आता शेवटचा 'आयटिस', म्हणजे इन्फ्लमेशन: दाह की शोथ? पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकानं त्याची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणं एकत्र सांगितली. त्यांतली उष्णता दाहानं पकडली, सूज शोथानं. एरवी मी म्हटलं असतं, कोणताही घ्या. पण हृदयाच्या बाबतीत 'सूज' घोटाळा करते. एकाच रुग्णाला हृदयाच्या स्नायूला सूज असते, हृदय आकारानं मोठं झालेलं असतं आणि पायांवरही सूज असते. तिन्हींची कारणं वेगळी, आणि घरी तिन्हींना 'सूज आलीय' म्हणतात. लेखी मराठीत म्हणून दाह बरा: हृदयस्नायुदाह. नुसतं 'हृदयदाह' नको, कारण हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला आणि आतल्या अस्तरालाही वेगवेगळे दाह होतात. दाह ऐकून कुणाला अॅसिडिटीची जळजळ आठवेल, तेवढा धोका मी पत्करतो.

तरी हा शब्द अर्धीच गोष्ट सांगतो, आणि तो दोष मराठीचा नाही. 'मायोकार्डायटिस' हे नाव १८३७ साली सोबर्नहाइम या जर्मन वैद्यानं वापरात आणलं. विषाणू म्हणजे काय हे कळायला तेव्हा अर्धशतकाहून जास्त काळ होता. या रोगाच्या अभ्यासात सर्वाधिक नाव निघतं ते कॉक्सॅकी विषाणूच्या ब गटाचं. कॉक्सॅकी हे न्यूयॉर्क राज्यातलं गाव. १९४८ साली गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी तिथल्या, पोलिओची शंका असलेल्या मुलांच्या विष्ठेतून या कुळातला विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. गावानं काही गुन्हा केला नव्हता, नाव मात्र कायमचं चिकटलं.

हृदयाचं नुकसान दोन बाजूंनी होतं. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूवर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत स्नायूही होरपळतो. याला दाह शोभतो. दुसरं काम विषाणू स्वतः करतो. या विषाणूचं '२ए' नावाचं एक विकर (एन्झाइम) स्नायुपेशीतलं डिस्ट्रोफिन हे प्रथिन कातरतं, असं १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. डिस्ट्रोफिन पेशीचा आतला सांगाडा तिच्या आवरणाशी बांधून ठेवतं. काही मुलांना जन्मजात होणाऱ्या ड्युशेन स्नायुविकारात नेमकं हेच प्रथिन नसतं, आणि त्या मुलांची हृदयंही पुढे अधू होतात. म्हणजे इथे आग लागायच्या आधीच बांधकामाचे सांधे तुटलेले असतात. नुसता दाह शमवून भागत नाही, हे १९९५च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. १११ रुग्णांपैकी काहींना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं दिली, पण सरसकट पाहता त्यांचं पंपिंग इतरांपेक्षा जास्त सुधारलं नाही. दाहाच्या काही खास प्रकारांत अशी औषधं देतात, तो भाग निराळा. मरून गेलेल्या स्नायूच्या जागी व्रण येतो, तो आकुंचन पावत नाही, आणि उरलेल्या स्नायूवर भार वाढत जातो.

तेव्हा कार्डावरच्या त्या ओळीचं माझं मराठी असं: 'विषाणुजन्य हृदयस्नायुदाह, त्यामुळे हृदयाचं पंपिंग घटलेलं'. लिहिताना दोन गोष्टी पाहाव्यात. विषाणू आणि स्नायू एकटे असताना शेवटचा ऊकार दीर्घ, पण समासात पुढे शब्द आला की तो ऱ्हस्व: विषाणुजन्य, स्नायुदाह. आणि हृदयाच्या ह ला खाली ऋ जोडतात. 'ह्रदय' असं लिहू नये, 'ह्रद' म्हणजे डोह.