मेमधलं लग्न आणि मुंबईहून येणारा टेलर

सूट शिवायचाच असेल तर जानेवारीतच माप दे. मुंबईहून येणारा हा टेलर रत्नागिरीत लॉजवर दोन दिवस उतरतो आणि पुन्हा उगवतो महिना-दीड महिन्यानं. माप, कच्ची ट्रायल, शेवटचं फिटिंग अशा तीन भेटी हव्यातच. ‘ट्रायलची गरज नाही, कुरियरनं पाठवतो’ म्हणाला तर सरळ नमस्कार कर.

मापाला जाताना लग्नात घालणार तेच बूट आणि नीट बसणारा शर्ट घाल. सुरमईची थाळी हाणून जाऊ नकोस, मी गेलो होतो!

खरी गोम आतल्या थरात असते. माझ्या पहिल्या कोटात फ्यूजिंग होतं, म्हणजे बाहेरच्या कापडाला गोंदानं चिकटवलेला आतला थर. एक पावसाळा कपाटात काढला आणि छातीवर फोड आल्यासारखं कापड फुगलं. आपल्या दमट हवेत तो गोंद कधी सोडेल, नेम नाही. निदान हाफ कॅनव्हास माग, म्हणजे कोटाच्या वरच्या अर्ध्या भागात, छातीला, जाडसर कापडाचा सुटा थर. तो टाक्यांनी धरलेला असतो. तयार कोटाच्या वरच्या काजाच्या जरा वर, छातीकडे, बाहेरचं आणि आतलं कापड चिमटीत धरून अलग ओढ. मध्ये तिसरा थर सुटा हलला तर कॅनव्हास.

कापड हलकं ट्रॉपिकल वूल (मोकळ्या विणीचं पातळ लोकरी कापड) घे, मीटरला साधारण 250 ग्रॅमचं. पाठीला अर्धंच अस्तर. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया (जास्तीचं दुमडलेलं कापड) ठेवायला सांग, लग्नानंतर लागतेच. निम्मे पैसे मात्र शेवटच्या फिटिंगपर्यंत खिशातच ठेव.