दुसरा टेक नसलेला अभिनय

प्रश्न : ‘माय फेव्हरिट इयर’ हा जुना इंग्रजी विनोदी चित्रपट आम्ही घरच्यांनी नुकताच एकत्र पाहिला. न्यूयॉर्कमधील १९५४ सालच्या दूरचित्रवाणीशी आमचा काडीचाही संबंध नाही, तरीही हौशी रंगभूमीवर उमेदीची वर्षे घालवलेले माझे वडील सर्वांत जास्त हसले. त्या काळी कार्यक्रम खरोखरच असे थेट दाखवले जात असत का, आणि परक्यांच्या आठवणींत आपण एवढे का रमतो?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमचे वडील सर्वांत जास्त हसले याचे मला नवल वाटत नाही. या चित्रपटाचा विनोद ज्या भीतीवर उभा आहे, ती भीती तिसऱ्या घंटेची वाट पाहत विंगेत उभे राहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : ॲलन स्वान हा साहसपटांचा उतरता, मद्यपी नायक एका विनोदी कार्यक्रमात पाहुणा म्हणून येतो आणि त्याला शुद्धीवर ठेवून वेळेवर स्टुडिओत हजर करण्याची जबाबदारी बेंजी नावाच्या नवशिक्या लेखकावर पडते. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होणार, म्हणजे चुकले तर दुसरा टेक नाही, हे स्वानला ऐन वेळी कळते आणि पडद्यावर शेकडो तलवारी परतवणारा हा वीर पळ काढू पाहतो. आपण नट नसून चित्रपटतारा आहोत, हे त्याचे म्हणणे हास्यास्पद असले तरी प्रामाणिक आहे.

कार्यक्रम थेट दाखवले जात, हे खरेच आहे. अमेरिकी विनोदवीर सिड सीझर यांचा ‘युअर शो ऑफ शोज’ हा दीड तासाचा कार्यक्रम १९५० ते १९५४ या काळात शनिवारी रात्री थेट प्रक्षेपित होत असे. पुढे विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून गाजलेले मेल ब्रूक्स हे त्याच्या लेखकांपैकी एक होते आणि या चित्रपटामागे त्याच दिवसांच्या आठवणी आहेत. व्यवहारात वापरता येईल अशी चित्रफीत, म्हणजे व्हिडिओ टेप, १९५६ साली आली. तोपर्यंत कार्यक्रम जतन करायचा तर दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून त्यावर उमटणारे चित्रच फिल्मवर टिपून घ्यावे लागे, आणि ते धूसर येई. म्हणून प्रहसन दर आठवड्याला नवे लिहायचे, तालीम करायची, एकदाच सादर करायचे आणि सोमवारी पुन्हा कोऱ्या कागदासमोर बसायचे, असा तो रहाटगाडा होता.

शेवटच्या प्रसंगात गुंड थेट कार्यक्रम सुरू असतानाच रंगमंचावर घुसतात आणि प्रेक्षक त्या मारामारीलाही प्रहसनाचा भाग समजून टाळ्या वाजवतात. नाटकात आयत्या वेळी काही बिघडले आणि नटांनी वेळ मारून नेली, तर प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. हे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या गावच्या रसिकाला मी काय सांगावे? परक्यांच्या आठवणींत रमण्याचे तुमच्या घरापुरते कारण मला तरी हेच दिसते. काळ परका आहे, धास्ती मात्र ओळखीची आहे.

दारूवरचे काही विनोद आज शिळे वाटतात, हे मान्य करायला हवे. परंतु आपल्या मुलीला भेटण्याचे धाडस न होणारा स्वान पीटर ओ’टूल यांनी असा काही उभा केला आहे की, त्याच्या फजितीला हसता हसता त्याची कीव येऊ लागते. गंमत अशी की, थेट प्रेक्षकांना घाबरणारा हा नट ज्यांनी रंगवला, ते स्वतः रंगभूमीवर घडलेले होते आणि १९६३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरच्या पहिल्याच नाटकात हॅम्लेट झाले होते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र त्या वर्षी ‘गांधी’साठी बेन किंग्जले यांना गेला.

प्रश्न : लहानपणी साताऱ्यात आम्ही छपरावरचा एरियल फिरवत, पडद्यावरच्या मुंग्यांतून मुंबई दूरदर्शन पाहिले. त्या दिवसांवर असा चित्रपट होऊ शकेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य होऊ शकेल. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. बातम्या थेट वाचल्या जात, आणि वाचणाऱ्यांत स्मिता पाटीलही होत्या. म्हणजे स्वानच्या नेमका उलटा प्रवास, आधी थेट कॅमेरा आणि मग चित्रपट. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी पडद्यावर असताना स्टुडिओत काय धावपळ चालली असेल, एवढ्या एका कल्पनेवर निम्मी पटकथा उभी राहील. मात्र कोणी असा चित्रपट काढलाच, तर तो स्टुडिओतूनच सांगावा. एरियलच्या आठवणी आपण सर्वांनी एकमेकांना पुरेशा सांगून झाल्या आहेत.