तंत्रशंका : एक कॉम्प्युटर, दोन स्क्रीन

प्रश्न : मी करसल्लागार आहे. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये कोअर आय३-९१०० प्रोसेसर, एच३१० मदरबोर्ड आणि ८ जीबी रॅम आहे. एका स्क्रीनवर टॅली, दुसरीवर एक्सेल असं उघडं ठेवायचं आहे. जुना १९ इंची मॉनिटर व्हीजीएचा आहे, नवा २२ इंची एचडीएमआयचा घेणार आहे. एक दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड लागेलच, दुसरा म्हणतो स्प्लिटर लावा. कुणाचं ऐकू? दोन स्क्रीनमुळे मशीन मंद होईल का?
— कराड

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. तुमच्या प्रोसेसरमध्येच यूएचडी ६३० ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग, आहे. त्याची कुवत एका वेळी तीन स्क्रीनची आहे. मदरबोर्डवरची मुख्य चिप, म्हणजे एच३१० चिपसेट, मात्र दोनच चालू देते. म्हणजे तुमचं काम भागतं. फक्त कॅबिनेटच्या मागे व्हीजीए आणि एचडीएमआय ही दोन्ही पोर्ट (मॉनिटरची केबल खोचायच्या जागा) आहेत ना, एवढं मॉनिटर घेण्याआधी बघा. स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो. दुकानात टीव्हींची रांग लावायची असेल तर ठीक, तुमच्या उपयोगाचा नाही.

मशीन बंद करून दोन्ही केबल मदरबोर्डच्या पोर्टला जोडा, व्हीजीएचे दोन्ही स्क्रू आवळा. मशीन सुरू होताना कंपनीचं चिन्ह एकाच मॉनिटरवर दिसलं तरी घाबरू नका. विंडोज आल्यावर दुसरा जागा होतो. मग विंडोजची कळ दाबून पी दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ राहिलं तर दोन्हीकडे तेच चित्र दिसेल, आणि बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते.

दुसरा मॉनिटर येतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडा. तिथे इंटेल यूएचडी ६३० ऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते वापरता यावं यासाठीचा प्रोग्रॅम, बसलेलाच नाही. अशा वेळी बहुधा एकच स्क्रीन चालते. विंडोज अपडेट किंवा मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. ‘ड्रायव्हर शोधून देतो’ म्हणणाऱ्या फुकट्या प्रोग्रॅमच्या वाटेला जाऊ नका.

आता मांडणी. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे दोन चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की कुठला नंबर कुठल्या मॉनिटरचा ते कळतं. टेबलावर जसे ठेवलेत तसेच ते चौकोन ओढून ठेवा, नाहीतर माउस उजवीकडे सरकवला की बाण डावीकडून निघेल. जुना मॉनिटर १३६६ × ७६८चा (ठिपक्यांमध्ये रुंदी × उंची, यालाच रेझोल्युशन म्हणतात) आणि नवा १९२० × १०८०चा असेल तर दोन्हींची उंची सारखी नसते. खालच्या कडा जुळवल्या तर नव्या मॉनिटरच्या वरच्या ३१२ ओळींसमोर काहीच नसतं, तिथे माउस अडणारच. तो बिघाड नव्हे. नव्या मॉनिटरचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’वर खूण करा, टॅली मोठ्या स्क्रीनवर असलेलं बरं.

व्हीजीएवर अक्षरं पुसट दिसली तर मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबा. रेझोल्युशन १०२४ × ७६८च्या पुढे जात नसेल आणि मॉनिटरच्या जागी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ दिसत असेल, तर आधी केबलवर संशय घ्या. मॉनिटर आपली माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनांमधून कळवतो, आणि स्वस्त केबलमध्ये नेमक्या त्याच कधीकधी नसतात. ९ नंबरची पिन नसली तर चालतं, पुष्कळ चांगल्या केबलमध्येही ती नसते.

मंद होण्याबद्दल : १९२० × १०८०चं एक चित्र साठवायला साधारण ८ एमबी लागतात, जुन्या मॉनिटरच्या चित्राला साधारण ४. ८ जीबीत हे कुठल्या कुठे जातं. मशीन दमतं ते उघड्या ठेवलेल्या ब्राउझरच्या टॅबांनी. रॅम वाढवायचीच असेल तर ८ जीबीची एक पट्टी काढून १६ची एक घालण्यापेक्षा ८ची दुसरी जोडा. हे ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं, त्यामुळे दोन पट्ट्यांचा दुहेरी मार्ग त्याला मानवतो.

प्रश्न : माझ्या बोर्डवर एचडीएमआय आणि डीव्हीआय पोर्ट आहेत, मॉनिटर एक एचडीएमआयचा, एक व्हीजीएचा. डीव्हीआयला साधा व्हीजीए जोड लावला तर तो नीट बसतच नाही.
— चिपळूण

उत्तर : तुमचं पोर्ट डीव्हीआय-डी असणार. त्यात सपाट खाचेभोवतीच्या चार छोट्या पिनांची भोकं नसतात. व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल त्याच पिनांतून येतो, तेव्हा दामटून बसवू नका. उलटं करा. एचडीएमआयचा मॉनिटर डीव्हीआय-ते-एचडीएमआय केबलने जोडा. दोन्हींचा चित्राचा सिग्नल एकाच जातीचा असल्याने साधी केबल पुरते, आवाजाचं मात्र बहुधा वेगळं बघावं लागतं. बोर्डच्या एचडीएमआय पोर्टला आतमध्ये चिप असलेला एचडीएमआय-ते-व्हीजीए कन्व्हर्टर लावून व्हीजीएचा मॉनिटर जोडा. पोर्टमधून मिळणारी वीज अगदी थोडी असते. चित्र सारखं जात-येत असेल तर वेगळी यूएसबी वीज घेणारा कन्व्हर्टर आणा. खरेदी करताना दिशा वाचून घ्या : व्हीजीए-ते-एचडीएमआय ही वेगळी वस्तू आहे आणि दिसायला अगदी तशीच असते.

प्रश्न : ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून मदरबोर्डचं एचडीएमआय बंद पडलं. बोर्ड गेला का?
— नाशिक

उत्तर : बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. कार्ड दिसलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) असुसच्या बोर्डवर ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’, गिगाबाइटवर ‘इंटर्नल ग्राफिक्स’ असं काहीसं सापडेल; ते ‘एनेबल्ड’ करा. पण कार्डवर दुसरं पोर्ट रिकामं असेल तर ही खटपट कशाला, दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडा. एक तपासा : इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. रायझन ५ ३६०० आणि ५६०० यांचंही तेच. मग बोर्डवरची पोर्ट शोभेपुरती.

प्रश्न : दुसरा मॉनिटर फोर-के घेतला. त्यावर माउस अडखळत चालतो, पहिल्यावर नाही.
— पणजी

उत्तर : ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा) बघा, ३० हर्ट्झ दिसेल. बोर्डचं एचडीएमआय १.४ असलं की फोर-केवर तेवढंच मिळतं. बोर्डवर डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर त्यातून ६० मिळतील. नसेल तर रेझोल्युशन २५६० × १४४० करून ६० हर्ट्झ निवडा. अक्षरं जरा मऊ दिसतील, पण हात अडखळणार नाही.