पालखी ज्या दारात थांबली नाही

प्रिय मुली,

शिमग्याला गावाची पालखी तुझ्या मैत्रिणीच्या दारात थांबली नाही, कारण गावकीने, म्हणजे गावाचा कारभार ठरवणाऱ्या मंडळींनी, ते घर वाळीत टाकलंय. तू तिच्याशी बोललीस म्हणून तुझ्या बाबांना बैठकीत उभं करून दंड भरायला लावला. आता घरात कोणी काही बोलत नाही आणि तू विचारतेस, "हे मलाच का खुपतं? माझं चुकतंय का?"

नाही गं, तुझं काहीही चुकलेलं नाही.

बाबांवर मात्र राग धरू नकोस. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, दुरुस्त करायची, मयताला खांदा द्यायचा, लग्नात पंगत वाढायची, हे सगळं गावकीच करते. म्हणून तर तिची एवढी भीती. उद्या आपल्या घरात कोणी गेलं तर चार माणसं येतील का, तुझ्या लग्नाला कोण उभं राहील, हेच त्यांच्या डोक्यात असणार. दंड भरताना त्यांना काय वाटलं, एवढंच विचार. तेही आतून दुखावले असतील.

महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा लागू आहे. वाळीत टाकणं, त्यासाठी बैठक बोलावणं, दोन्ही गुन्हे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत करता येते, थेट दंडाधिकाऱ्यांकडेही. पण ती करायची की नाही, हे मैत्रिणीच्या घरच्यांना ठरवू दे. राहायचं त्यांना त्याच गावात आहे. तू परस्पर गेलीस तर राग त्यांच्यावरच निघेल.

तू एक कर. बैठक कधी झाली, कोण काय बोललं, दंड कोणी घेतला, हे तारखेसह वहीत लिहून ठेव. गावकीचे हुकूम तोंडी असतात. पुढे हीच वही कामाला येईल. गावच्या मुंबई मंडळात, म्हणजे मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळात, एखादे समजूतदार चाकरमानी काका असतील तर त्यांना गाठ, बऱ्याच गावांत त्यांच्या शब्दाला वजन असतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही अशा प्रकरणांत मदत करतात.

आणि मैत्रिणीशी बोलणं तोडू नकोस. बाबांना पुन्हा बैठकीत उभं राहावं लागू नये म्हणून गावात नको, कॉलेजात बोल. तिच्या घरच्यांना नेमकं काय हवंय, ते आधी तिलाच विचार.

तुझी,
मावशी