आगाऊ रक्कम पाठवण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

भिवंडीत गाळा घेतलास आणि चीनमधल्या निंगबो बंदरातून काचेच्या बरण्या मागवतो आहेस, हे वाचून आनंद झाला. सप्लायरने तीस टक्के आगाऊ मागितले आहेत, ते मात्र आठवडाभर थांबव. आयातीत बुडणारा पैसा बहुधा न्हावा शेवा बंदराच्या यार्डात बुडतो, आणि त्याचं मूळ आगाऊ रक्कम पाठवताना न विचारलेल्या प्रश्नांत असतं.

सगळ्यात आधी एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा आकडा. माल भरून विकायची बरणी 7010 मध्ये बसते, स्वयंपाकघरात डाळ-साखर ठेवायची 7013 मध्ये. सप्लायरच्या इन्व्हॉइसवरचा कोड त्याच्या देशाच्या निर्यातीसाठी असतो. पहिले सहा आकडे जुळले तरी पुढचे आपल्या टॅरिफप्रमाणेच घ्यावे लागतात. कस्टम्स कायद्याच्या कलम 17 नुसार ड्युटीचं स्वयंनिर्धारण आयातदार करतो, त्यामुळे चुकीच्या कोडचा फरक, व्याज आणि दंड तुझ्या माथी येतो. बरणीचा फोटो, क्षमता, झाकण आणि वापर लिहून सीएचएकडून (कस्टम्सचं काम करणारा एजंट) लेखी मत घे.

त्याच कोडवर आयातीच्या अटीही बघ. उद्या खेळणी मागवलीस तर 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि लायसन्स माल बनवणाऱ्या फॅक्टरीचं लागतं. ट्रेडरने दाखवलेला टेस्ट रिपोर्ट तिथे चालत नाही. किरकोळ विक्रीच्या पॅकवर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, मूळ देश, एमआरपी हवी. ती लेबलं तिकडूनच छापून लावून घे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, काढलास, छान. पण दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) साइटवर तो अपडेट करायचा असतो, काही बदललं नसलं तरी. विसरलास तर तो निष्क्रिय होतो.

आता पैसे मोज. समजा सीआयएफ मूल्य (माल, विमा आणि जहाजाचं भाडं म्हणजे फ्रेट धरून) 10,00,000 रुपये, बेसिक ड्युटी 10 टक्के. ड्युटी 1,00,000, त्यावर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे 10,000, मग 11,10,000 वर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), 1,99,800. एकूण 3,09,800 रुपये. आयजीएसटीचं क्रेडिट पुढे मिळतं, पण माल सोडवायच्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात लागते. पहिल्यांदा माल मागवणारे नेमके इथेच अडकतात. सप्लायर ‘इन्व्हॉइस कमी रकमेचं करून देतो’ म्हणाला तर ठाम नाही म्हण. मूल्य लपवलं तर माल जप्त होऊ शकतो, शिवाय बँकेतून गेलेली रक्कम आणि बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं विवरण) यांचा मेळ बसत नाही.

भाव एफओबी निंगबो, म्हणजे तिकडे जहाजावर चढवेपर्यंतचा, घे आणि फॉरवर्डर (वाहतूक ठरवून देणारा) इथला, तू निवडलेला ठेव. सीआयएफमध्ये फ्रेट स्वस्त दिसतं, पण फॉरवर्डर सप्लायरचा असतो आणि त्याचा मुंबईतला एजंट डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडायचा कागद) देताना हवी ती बिलं लावतो. कोटेशनमध्ये इथले सगळे चार्जेस ओळीओळीने लिहून माग. पोर्टही नीट वाच: मुंबई पोर्ट आणि न्हावा शेवा ही वेगळी बंदरं आहेत, कस्टम्सच्या लेखी त्यांचे कोडही वेगळे.

माल किती, तेही आधी काढ. कार्टन 50 × 40 × 35 सेंटिमीटर म्हणजे 0.07 घनमीटर, 200 कार्टन म्हणजे 14. एका कार्टनचं वजन 22 किलो धरलं तर 4.4 टन. एलसीएलमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये पाठवताना, घनमीटर किंवा टन, जे जास्त त्याचे पैसे, म्हणजे तुला 14 चे. इतक्या मालाला वीस फुटी कंटेनरचाही भाव घे. माझं मत विचारशील तर काचेसाठी कंटेनर अर्धा रिकामा राहिला तरी एफसीएलच, म्हणजे अख्खा कंटेनर आपलाच. एलसीएलमध्ये माल तिकडे गोदामात भरला जातो, इथे सीएफएसमध्ये (बंदराबाहेरचं कंटेनरचं गोदाम) उतरवला जातो, मधे इतरांच्या जड पेट्या. मात्र रिकामी जागा एअरबॅग किंवा आडव्या फळ्यांनी अडवून घे, नाहीतर माल सरकतो.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-15 चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का हवा: गव्हाच्या कणसाचं चिन्ह, देशाचा कोड आणि ‘एचटी’ (उष्णतेची प्रक्रिया). शिक्का नसला की फ्युमिगेशनचा (धुरी देण्याचा) खर्च आणि दिवस वाढले. प्लायवुडला तो लागत नाही. पावसाळ्यात माल येणार असेल तर पाच प्लायचे कार्टन आणि कंटेनरमध्ये ओल शोषणारं डेसिकंट सांग. भरण्याआधी तिकडच्या माणसाने आत उभं राहून दारं बंद करायची. कुठून उजेड आला तर तिथूनच पाणी येणार, कंटेनर बदलून घ्यायचा. सील नंबरचा फोटो मागव.

बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) ड्राफ्ट जहाज सुटण्याआधी तपास. कन्साइनीचं (माल घेणाऱ्याचं) नाव आयईसीवर आहे अगदी तसंच, जीएसटी नंबर, पेट्यांची संख्या, एकूण वजन. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टशी एकेक आकडा ताडून बघ. नंतर सुधारायचं तर आयजीएममध्ये (जहाजावरच्या मालाची कस्टम्सकडची यादी) दुरुस्ती, तिची फी, आणि तोवर कंटेनर उभा. उरलेली रक्कम दिलीस की टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडायचा संदेश) घे, म्हणजे मूळ बीएलच्या कुरिअरची वाट बघावी लागणार नाही.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये लेट फी लागते. शिवाय यार्डाचं भाडं वेगळं, कंटेनर परत द्यायला उशीर झाल्याबद्दल शिपिंग लाइनचं डिटेंशन वेगळं. डिटेंशनचे फ्री डेज बुकिंगच्या वेळीच 14 मागून घे, आणि ते लेखी असू देत. जहाज लागल्यावर कोणी वाढवून देत नाही.

विमा सर्व जोखमींचा घे, काच फुटणं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. गाळ्यावर सील तोडण्याआधी, दार उघडताना आणि पहिली रांग दिसताच फोटो काढ. फूट दिसली तर तुकडे टाकू नकोस, विम्याचा सर्व्हेअर बोलव आणि तीन दिवसांच्या आत शिपिंग लाइनला लेखी कळव. रिकामा कंटेनर यार्डात जमा केल्याची पावती ट्रान्सपोर्टरकडून त्याच दिवशी घे. डिटेंशनचं मीटर तिथे थांबतं.

तुझा,
काका